खिंडीतल्या चार काठ्या

१

"तुमचे डोळे गेलेत हे पोराला सांगायचं नाही ना? मग सुनेला बरोबर न्या. तिला पांढऱ्यावर पांढरं दिसतं."

हे सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरात, कढईतल्या तेलाच्या आवाजाआड. मी न्हाणीघराच्या दाराशी ओला टॉवेल घेऊन उभी होते. लग्नाला पाच आठवडे झाले होते आणि या घरातल्या कोणत्या फळ्या करकरतात ते मला पाठ झालं होतं. मी तिथे आहे हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

 सासरे म्हणाले, "ती बोलून जाईल."

"ती?" सासूबाई हसल्या. "पाच आठवड्यांत मीठ मागितलं नाही तिने. परवा डाळीचं सार अळणी झालं होतं. प्यायली. मागितलं नाही."

ते खरं होतं.

लग्नाआधी नऊ वर्षं मी कापडी मोजे शिवत होते. अंगठ्याला वेगळा कप्पा असलेले, समारंभात घालायचे. पांढरं कापड, पांढरा धागा, उत्तरेकडची खिडकी. अशा शिवणीत चूक झाली तर ती उजेडात दिसत नाही. कापड तिरपं धरलं की सावलीत दिसते. मापावरचे मोजेही शिवायचो, त्यामुळे मी माणसाचा चेहरा विसरेन, पण पाऊल विसरत नाही. मला बघायला आले तेव्हा हे मी सांगितलं होतं आणि सासूबाईंनी पुढे सरकून विचारलं होतं, "पांढऱ्यावर पांढरं? रोज?" मला वाटलं, बाईंना शिवणकामाची आवड आहे.

तात्सुओने, माझ्या नवऱ्याने, लग्नाआधीच सांगून टाकलं होतं की वरचं घर बाबा चालवतात तोवर चालेल. बाबा थकले की दाराला कुलूप आणि तो सेंदाईला नोकरीला. वरचं घर म्हणजे डोंगरावर, धारेपलीकडे, डोंगराच्या कण्याच्या पल्याड असलेलं आमचं मुक्कामाचं घर. मे महिन्याच्या सुट्ट्यांत गिर्यारोहक येतात, तेव्हाही वरचा अर्धा डोंगर बर्फात असतो. त्याआधी घरच्यांनी जाऊन वाट आखायची. वेळूच्या काठ्या रोवायच्या, काठीपासून काठीपर्यंत बर्फावर गेरूची रेघ ओढायची. धुकं आलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही, फक्त ती तांबडी रेघ दिसते, आणि ती नेईल तिकडे माणूस जातो. त्या वर्षी पहिली सोळा माणसं वाट आखल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी निघणार होती.

जेवताना सासरे म्हणाले, "सावा, उद्या चल वर. काठ्या धरायला कुणीतरी हवं."

मी मान डोलावली. तळलेल्या रानकळ्या कडू होत्या. कडूच असतात म्हणे.

२

देवळामागच्या देवदारांतून आम्ही पाचला निघालो. सासरे पुढे, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्या डावीकडे मी, पाठीवर काठ्यांची मोळी. मागे तात्सुओ, गेरूच्या पोत्यासकट. अस्वलं दूर राहावीत म्हणून त्याच्या कमरेला बांधलेली घंटा प्रत्येक पावलाला वाजत होती.

देऊळ संपतं तिथे बर्फ सुरू होतो. सासऱ्यांनी हातातली काठी बर्फावर टकटकली. इथे मऊ, तिथे मऊ, मग एके जागी वेगळा आवाज आला, लाकडी पाटावर ठोकल्यासारखा. तिथे त्यांनी पहिली काठी रोवली.

त्या जागी एक पाऊल होतं. खोल उमटलेलं नव्हतं. आजूबाजूच्या बर्फापेक्षा चार बोटं उंच उभं होतं, कुणी साच्यातून काढून ठेवावं तसं. अनवाणी आणि लहान, सहा-सात वर्षांच्या पोराचं असावं एवढं.

"हे असं कसं?" मी तात्सुओला हळूच विचारलं.

"थंडीत कुणी चाललं की पायाखालचा बर्फ दाबून घट्ट होतो," तो म्हणाला. "वसंतात बाजूचा मऊ बर्फ आधी वितळतो. दाबलेला तेवढा वर राहतो. म्हणून जुनं पाऊल उंच असतं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नवं पाऊल खोल, जुनं पाऊल उंच."

"अनवाणी आहे."

"वितळून तसं दिसतं. बूटच असणार."

असेल. मी मापं घेणारी बाई, बर्फातलं मला काय कळतं. पण बूट वितळला तर त्याला पाच बोटं फुटतात हे नव्याने कळलं. आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. वितळून बोटावर बोट चढतं का, हे मी विचारलं नाही.

३

सकाळचं ऊन तिरपं असतं, म्हणून पुढची पावलं दिसत होती. मऊ बर्फावर पुसट सावलीची एक कड, की तिथे पाऊल. तात्सुओच्या नजरेतून ती केव्हाच निसटली होती. तो पोत्याच्या भोकातून गेरू सारखा पडतो की नाही ते बघत होता आणि मधूनमधून फोनवरचा नकाशा. सासरे मात्र काठी टकटकत नेमके पावलावर येत होते. डोंगराची सोंड संपेपर्यंत एकदाही चुकले नाहीत. चाळीस वर्षांची सवय होती त्यांना.

"बाबा, या काठ्या बघा मागे वळून," तात्सुओ म्हणाला. "खाली दोन हातांवर एक, इथे दहा हातांवर एक. म्हाताऱ्याचे दात दिसतायत. दरवर्षी मी सांगतो, सारख्या अंतरावर लावू."

"तू दात मोज. गिळायचं काम मी करतो."

"लोक हसतात."

"हसत हसत घरी पोचतात ना?"

तात्सुओ माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, पण मोळीतून पुढची काठी काढताना मी खाली बघितलं होतं. खालच्या काठ्या जवळ होत्या कारण खालची पावलं जवळ होती. आता दोन पावलांत माझ्या चार ढांगा मावत होत्या.

आणि पाऊल मोठं झालं होतं. मी हातमोजा काढून वीत लावली. दीड वीत. मोठ्या माणसाचं म्हणता येईल, उंच माणसाचं. टाचेचा भार बाहेरच्या अंगाला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

मी तिथे बसूनच विचार केला. खाली पोराचं, वर बापाचं. एका घरातल्या माणसांची पावलं सारखी असतात, मी तीन पिढ्यांची मापं घेतलेली आहेत. मग पोर कुठे थांबलं आणि बाप कुठून आला? मधली पावलं मी पाहिली होती. मधली पावलं मधल्या मापाची होती.

"सावा," सासरे म्हणाले, "बर्फ कसा वाटतो?"

त्यांनी चष्मा माझ्या दिशेने वळवला होता, पण मी होते तिथून थोडा उजवीकडे.

"इथे चांगला आहे, बाबा. पुढे डावीकडून गेलेलं बरं. थोडं वर."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि डावीकडून, थोडं वर गेले.

असा आमचा खेळ सुरू झाला. पावलं लांब लांब पडू लागली तसा टकटकण्याचा उपयोग संपला. ते आठवणीने काठी रोवत, माझ्याकडे तोंड करून क्षणभर थांबत. जागा बरोबर असली की मी पुढची काठी त्यांच्या हातात देई. चुकली असली की म्हणे, "वाऱ्याने कलली वाटतं," आणि उपटून सहा-सात हात पलीकडे लावी. वारा नव्हता. तात्सुओने एकदा भुवई उंचावली. मी त्याला बिस्किट दिलं.

झाडं संपली. शेवटच्या झाडांच्या बुंध्याभोवती बर्फ गोल वितळून विहिरी झाल्या होत्या. त्यापुढे नुसता पांढरा उतार, आणि त्यावर पाऊल. लांबीला माझ्याएवढं. मी शेजारी आडवी होऊन बघितलं नाही, पण नजरेला माप कळतं. कपडे धुवायच्या टबाएवढी टाच, भार बाहेरच्या अंगाला.

मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी वाटलं की आपण फार वेळ एका मोठ्या माणसाच्या मागे चालतोय आणि आपण अजून नमस्कारही केलेला नाही.

४

धारेखालच्या सपाटीवर आम्ही जेवायला बसलो. धुकं उतरलं होतं. तिघे दहा हातांत होतो म्हणून एकमेकांना दिसत होतो. भाताचे गोळे, आत खारवलेलं आंबट फळ. थर्मासमधलं सार या वेळी खारट होतं.

"यापुढे खिंड," सासरे म्हणाले. "खिंडीत चार काठ्या. दरवर्षी चार. अंतर कमीजास्त, पण चार."

खिंड म्हणजे धारेतला खोलगट भाग. त्याच्या पूर्वेला वारा बर्फाचा छज्जा बांधतो, कड्याच्या बाहेर लोंबणारा. वरून बघणाऱ्याला सगळं सपाट दिसतं. जमीन कुठे संपते आणि नुसता बर्फ कुठे सुरू होतो, ते तिथे उभं राहिलेल्या माणसाला कळत नाही.

"फोनवर रेघ आहे मागच्या वर्षीची," तात्सुओ म्हणाला. "तिच्यावरूनच जाऊ."

"बर्फ मागच्या वर्षीचा आहे का?"

"मग तुम्ही कशावरून जाता?"

सासऱ्यांनी भाताचा घास तोंडात घातला.

मी पुढचं पाऊल शोधायला उठले. सपाटी आमच्या अंगणाहून मोठी होती. तिच्या कडेपर्यंत गेले तर कड गुळगुळीत उतरत होती, माझ्या गुडघ्याएवढी, सगळीकडे सारखी. कडेने चालत राहिले. एका टोकाला कड गोल वळली. दुसऱ्या टोकाला पाच उंचवटे होते, मोठ्यावरून लहान, ओळीने. शेवटचा लहान उंचवटा शेजारच्यावर चढलेला होता.

मी परत आले आणि बसले. आम्ही टाचेच्या थोडं वर जेवत होतो.

तेवढ्यात उजेड गेला. अंधार झाला नाही. दिव्यासमोरून कुणीतरी जावं तसा उजेड उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत बाजूला झाला. तात्सुओच्या घंटेचा लोलक हलत होता, तरी तिचा आवाज आला नाही. वरून, अगदी सरळ वरून, हवेचा एक झोत खाली आला. त्याला देवळामागच्या देवदारांचा वास होता. ते देवदार चार तास खाली राहिले होते.

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मग उजेड परत आला, घंटा किणकिणली.

"ढग," तात्सुओ म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. घास हातातच होता.

"हं," सासरे म्हणाले. "ढग." आणि टोपी घातली.

५

ते लगेच उठले. काठी माझ्या हातून घेतली आणि खिंडीकडे निघाले, चाळीस वर्षं जात होते तसे, झपझप. आता माझी वाट बघायला थांबलेही नाहीत. मला वाटतं, त्या झोतामुळे त्यांना धीर आला होता. त्यांच्यामागे तात्सुओ, पोतं खांद्यावर, गेरूची रेघ सोडत.

मी खिंडीतला बर्फ बघितला. धुकं थोडं विरळ झालं होतं. ऊन नव्हतं, पण धुक्यातही एक मंद तिरपा उजेड असतो, उत्तरेच्या खिडकीसारखा. त्यात मला शिवण दिसते. मी डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. नवी सुई ओवल्यावर करते तशी डोळ्यांची उघडझाप करून पुन्हा बघितलं.

खिंडीत काहीच नव्हतं. सावलीची एकही कड नव्हती. धुऊन इस्त्री केलेल्या कापडासारखा बर्फ.

माझ्या मनाने लगेच कारणं काढली. वितळली असतील. वाऱ्याने झिजली असतील. आणि मुळात, सावा, तू कशावर विसंबून आहेस? पाच आठवड्यांची नवी सून, डोंगर आज पहिल्यांदा बघतेस, आणि चाळीस वर्षं या वाटेने गेलेल्या माणसाला सांगणार की वाट नाही? कशावरून, तर एका करंगळीवरून?

आणि सांगायचं कसं? बाबांना पावलं दिसत नाहीत, हे तात्सुओसमोर बोलल्याशिवाय पावलं नाहीत हे सांगता येत नव्हतं. एका वाक्यात त्यांचे डोळे, त्यांचं वरचं घर, सगळं जाणार होतं. मी 'वाऱ्याने कलली' म्हणायला तोंड उघडलं. पण काठी अजून रोवलेलीच नव्हती.

तेव्हा समोरचं धुकं वर उचललं गेलं, एका श्वासापुरतं.

खिंडीपलीकडे उतार आहे आणि उतारावर वरचं घर आहे. मी फक्त फोटोत पाहिलं होतं. सगळ्या उतारभर पाऊल होतं. धारेपासून दरीच्या तोंडापर्यंत, उतारालाच पाऊल म्हणावं असं. कडेची निळी सावली एवढी दाट होती की तिच्यात झाडं बुडाली असती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जी फट असते, जिच्यासाठी मी नऊ वर्षं वेगळी शिवण घातली, त्या फटीत आमचं घर उभं होतं. छपराला धक्का नव्हता. धुराडं सरळ होतं.

आणि ते पाऊल उंच नव्हतं. खोल होतं. कडेवरून बर्फाचा भुगा अजून आत घरंगळत होता.

धुकं मिटलं. मी किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मला त्या वेळी गुडघे टेकावेसे वाटले, एवढं मात्र आठवतं, आणि रडूही येत होतं. समुद्र पहिल्यांदा पाहिलेलं मूल रडतं, तसं काहीसं.

आम्ही जेवत होतो तेव्हा त्या पावलांचे धनी आमच्यावरून पलीकडे गेले होते. खिंडीत न उतरता.

६

पुढचं आधी सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात.

रेघ आम्ही खिंडीतून नेली नाही. पश्चिमेच्या खडकांवरून दोर बांधून उतरलो, तासभर जास्त लागला, आणि दुसऱ्या दिवशी सोळा माणसं तिथूनच आली, कुरकुर करत. त्याआधी, त्याच दुपारी चारच्या सुमारास, आम्ही वरच्या घराच्या दारातला बर्फ काढत होतो. भोवतीचा बर्फ दगडासारखा घट्ट होता आणि फावडं त्यावर आपटून परत येत होतं. दारासमोरचा तेवढा भुसभुशीत होता. तेव्हा खिंडीतला सगळा बर्फ एकसंध खाली गेला. आवाज नंतर आला. मागे खडकाची बारीक धार उरली, एका माणसालाही आडवं उभं राहता येणार नाही एवढी. तात्सुओ फावडं टेकून कितीतरी वेळ तिकडे बघत राहिला. सासरे आवाजाच्या दिशेने बघत राहिले.

शरद ऋतूत सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उजवा बरा झाला. तात्सुओ सेंदाईला गेला नाही, निदान अजून गेलेला नाही. त्याने मला कधीही विचारलं नाही की तुला काय दिसलं. एवढंच की आता अंतर सारखं ठेवायचा आग्रह तो करत नाही. सासूबाईंनी विचारलं, दुसऱ्याच दिवशी, मी खाली परतल्यावर, भांडी पुसता पुसता: "बोललीस म्हणे." मी म्हटलं, बोलले. त्या म्हणाल्या, "किती मोठ्याने?"

मोठ्याने बोलायची मला सवय नाही. मोजे शिवणाऱ्या सहा बायका एका खोलीत दिवसभर बसतात, तिथे सुई पडली तरी ऐकू येते. सगळ्या जणी कुजबुजतात. त्या घरात मी अजून स्वयंपाकघराबाहेर ऐकू जाईल असं एक वाक्य बोलले नव्हते. पण त्या वेळी खिंडीच्या तोंडाशी सासरे वीस ढांगा पुढे होते, तात्सुओ त्यांच्यामागे, आणि धुक्यात आवाज विरतो.

सासऱ्यांनी खिंडीतल्या पहिल्या काठीसाठी हात वर नेला होता. उजवा पाय उचललेला होता. ते दरवर्षी जिथे जातात तिथेच निघाले होते, थोडं पूर्वेला, अगदी निर्धास्त, कारण त्यांच्या मते ती वाट कुणीतरी आधी चालून ठेवलेली होती.

मी पाठीवरची मोळी टाकली. काठ्या गडगडत गेल्या. आणि पोटातून, त्या सगळ्या पांढऱ्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं,

"बाबा, पाय मागे घ्या. इथे त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही."